नको असलेला आयपी अडवताना

कळंगुटच्या एखाद्या गेस्टहाऊसची साइट सांभाळायला मिळाली, की आधी अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोण आलं त्याची सर्व्हरवरची नोंद, वाचायला शिका. ओळीच्या सुरुवातीला आयपी, म्हणजे येणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता, असतो. पुढे वेळ, मागितलेलं पान, स्टेटस कोड आणि शेवटी ब्राउझरची ओळख. समजा, २०३.०.११३.४५ वरून मिनिटभरात साठ वेळा डब्ल्यूपी-लॉगिन, एक्सएमएल-आरपीसी (दोन्ही वर्डप्रेसच्या फाइली), डॉट-ईएनव्ही (गुप्त सेटिंगची फाइल) मागितलं गेलं आणि दरवेळी ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', मिळालं. हे गिऱ्हाईक खोली शोधत नाही, दाराच्या कड्या हलवून बघतंय.

तरी लगेच अडवू नका. साइटपुढे क्लाउडफ्लेअर ही मध्यस्थ सेवा, म्हणजे प्रॉक्सी, असेल, तर लॉगमध्ये त्याचाच पत्ता उमटतो. तो अडवलात तर खरे पाहुणेही बाहेर राहतील. आधी एनजिन्क्स या वेब सर्व्हरच्या रिअल-आयपी मॉड्यूलने मूळ पत्ता मिळवा. अशा साइटला सर्व्हरच्या फायरवॉलचा उपयोग नाही, कारण तिथे पोचतो तो प्रॉक्सीचाच पत्ता. नियम एनजिन्क्समध्ये किंवा क्लाउडफ्लेअरवरच लावावा लागतो.

मध्ये प्रॉक्सी नसेल तर यूएफडब्ल्यू ही लिनक्सवरची साधी फायरवॉल पुरते. नवखे हमखास अडकतात ते नियमांच्या क्रमात. नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळलेला लागू होतो. ८० आणि ४४३ हे पोर्ट वर मोकळे केलेले असतील, तर तळाला जोडलेला डिनाय (अडवण्याचा नियम) नुसता दिसतो, काम करत नाही. म्हणून तो 'इन्सर्ट १' देऊन सर्वांत वर घाला. साइट डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) असेल तर आणखी सावध राहा: डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला जुमानत नाहीत.

एनजिन्क्समध्ये डिनायची ओळ लिहिल्यावर आधी 'एनजिन्क्स हायफन टी' चालवून कॉन्फिग तपासा, मगच रीलोड करा. समोरच्याला ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही', मिळतो.

रोजच्या त्रासाला लॉग वाचून आपोआप बंदी घालणारं फेल-टू-बॅन बरं. मुळात ते १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी घालतं. बदल त्याच्या जेल डॉट लोकल या सेटिंगच्या फाइलमध्ये करा. जेल डॉट कॉन्फ अपडेटमध्ये बदलू शकते. 'इग्नोर-आयपी'त (बंदीतून वगळायच्या पत्त्यांत) ऑफिसचा पत्ता टाकाच, पण तो स्थिर आहे का ते विचारून घ्या. पावसाळ्यात वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला, की पत्ता बदललेला असू शकतो आणि स्वतःच बाहेर अडकायची वेळ येते. नियम बदलताना दुसरं एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याचं) सत्र उघडं ठेवा आणि होस्टिंगच्या कन्सोलचा पासवर्ड हाताशी असू द्या.

मोबाइल कंपन्यांचे अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, तिथे तासाभराची बंदी पुरे. रेंज (पत्त्यांचा सलग गट) अडवताना आकडा नीट बघा: /२४ म्हणजे २५६ पत्ते, /१६ म्हणजे ६५,५३६. अख्खा देश बंद करायची सूचना कुणी केली, तर आधी बुकिंगची वही मागा. रशिया, ब्रिटनचे पाहुणे घरूनच खोली ठरवतात. यूएफडब्ल्यूच्या प्रत्येक नियमाला 'कमेंट'मध्ये तारीख आणि कारण लिहा, म्हणजे नंतर येणाऱ्याला तो काढायचा की ठेवायचा ते कळेल.