जंगलातली पिल्लं बघायला जाताय? आधी हे वाचा

वसंतात कोवळा पाला आणि गवत फुटलेलं असतं, आईला दूध पाजायचं तर भरपूर खायला लागतं आणि ते याच दिवसांत मिळतं, त्यामुळे हरणं, ससे, कोल्हे अशा बऱ्याच प्राण्यांची पिल्लं आता दिसायला लागतात, आणि अस्वलांची तर हिवाळ्यात गुहेत जन्मलेली पिल्लं याच सुमाराला आईमागून पहिल्यांदा बाहेर पडतात. बघायला नक्की जा. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, एकटं दिसलेलं पिल्लू म्हणजे आईने टाकलेलं पिल्लू नव्हे.

हरणाचंच घ्या. बऱ्याच जातींमध्ये आई पहिले काही दिवस-आठवडे पाडसाला गवतात लपवून स्वतः लांब चरायला जाते आणि दिवसातून थोड्याच वेळा येऊन पाजून जाते. पाडसाच्या अंगाला वास खूप कमी असतो, पाठीवरचे ठिपके ऊन-सावलीत मिसळून जातात, उलट आई सारखी शेजारी थांबली तर तिच्या वासाने शिकारीच तिथे पोचेल. रानसशाची आई तर साधारण दिवसातून एकदाच, अंधार पडताना येते, काही मिनिटांत पाजते आणि गेली. म्हणजे तुम्ही "अरेरे बिचारं एकटंय" म्हणत तिथे उभे राहिलात तर आई तुमच्यामुळेच येत नसते!

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कात पर्यटकांनी बायसनचं पिल्लू थंडीने गारठलंय असं समजून गाडीत घातलं होतं. नंतर रेंजर्सनी त्याला कळपात सोडायचा परत परत प्रयत्न केला, कळपाने घेतलं नाही, पिल्लू सारखं माणसांकडे आणि गाड्यांकडे यायला लागलं आणि शेवटी त्याला मारावं लागलं. चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीचं हे झालं, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

तर मग अंतर किती ठेवायचं? यलोस्टोनचा नियम बहुतेक प्राण्यांसाठी कमीत कमी २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यांसाठी ९१ मीटर असा आहे, पण कुठेही चालणारी युक्ती म्हणजे हात सरळ पुढे करून अंगठा वर धरा, एक डोळा मिटा, प्राणी अंगठ्यामागे पूर्ण झाकला गेला नाही तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. पिल्लासोबत मादी अस्वल असेल तर हे सुद्धा पुरेसं धरू नका आणि तिच्या आणि पिल्लाच्या मध्ये तर कधीच जाऊ नका.

जवळून बघायची हौस दुर्बिणीने भागवा. ८×४२ ची चांगली, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि ४२ मिमीच्या भिंगामुळे कमी उजेडात पण बऱ्यापैकी दिसतं, आणि कमी उजेड महत्त्वाचा कारण पहाटे आणि संध्याकाळीच जास्त हालचाल असते. वारा तुमच्या तोंडावर येईल अशा बाजूला बसा, नाहीतर तुमचा वास आधी पोचतो. फोन सायलेंट, कुत्रा बरोबर नकोच, आणि मग नुसतं बसून राहा, पाठलाग करून काहीच दिसत नाही.

चरणारा प्राणी मान वर करून तुमच्याकडेच बघत राहिला, हरणाने पाय आपटला, पक्षी चोचीत किडा घेऊन ओरडतोय पण घरट्यात जात नाहीये, असं काही दिसलं की समजा त्रास तुमचाच होतोय, गुपचूप मागे फिरा. कोल्ह्याच्या बिळापाशी तर जास्तच जपा, साधारण चार आठवड्यांची झाली की पिल्लं बाहेर येऊन खेळायला लागतात, बघायला फार गोड, पण त्रास झाला तर मादी त्यांना दुसऱ्या बिळात हलवते. आणि प्लीज, बिळाचं किंवा घरट्याचं लोकेशन फोटोसोबत टाकू नका.

जमिनीवर उड्या मारणारं, पिसं आलेलं, आखूड शेपटीचं पक्ष्याचं पिल्लू उडायला शिकत असतं, आईबाप आसपासच असतात, त्याला राहू द्या. अजून पिसंच नसलेलं पडलं असेल तर अलगद घरट्यात ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत.

जखम, रक्त, अंगावर माश्यांची अंडी, मांजराने धरलेलं किंवा शेजारी आई मरून पडलेली असेल तरच मदत लागते, तेव्हा वनखात्याला किंवा प्राणी वाचवणाऱ्या लोकांना फोन करा आणि ते सांगेपर्यंत दूध-पाणी काहीही पाजू नका.