घरचा कीबोर्ड स्वच्छ आणि निर्जंतुक कसा करावा

कॉम्प्युटरचा कीबोर्ड उलटा धरून जुन्या वर्तमानपत्रावर हलकेच झटकला, की शेव, केस, नखांचे तुकडे, धुळीचे गोळे आणि एखादी मेलेली मुंगी असं बरंच काही खाली पडतं. हा कचरा निदान डोळ्यांना दिसतो. बटणांवर बसलेला घामाचा आणि तेलाचा थर मात्र रोजच्या सवयीमुळे जाणवतही नाही. घरात एकच कॉम्प्युटर असेल, तर ऑफिसचं काम करणारा, अभ्यास करणारा आणि लाइट बिल भरणारा असे सगळेच त्याच बटणांना हात लावतात. कुणाला सर्दी झाली असेल तर तो नाकाला लावलेला हात तसाच कीबोर्डवर ठेवतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती याच क्रमाने करावी लागतात. वर तेलकट थर तसाच असेल तर जंतुनाशक त्या थराखालच्या जंतूंपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून सॅनिटायझर फवारून कापडाने एकदा पुसून घेतलं की काम झालं असं समजू नये.

काय लागेल

रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश, जुना पण मऊ टूथब्रश, दोन-तीन मायक्रोफायबर कापडं, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब. मायक्रोफायबर नसेल तर धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती बनियन चालतं. टॉवेल नको, त्याचे धागे बटणांच्या कडांना अडकतात. हवा मारायला कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा पुरतो. तो स्वस्त असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. दाबलेल्या हवेचा कॅन वापरणार असाल तर तो उभाच धरा. तिरका केला की आतला द्रव बाहेर येतो, आणि तो इतका थंड असतो की हाताला इजा होऊ शकते.

निर्जंतुकीकरणासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मेडिकलच्या दुकानात ‘आयपीए’ म्हटलं तरी कळतं. ९९ टक्क्यांचं जास्त जालीम असेल असं वाटतं, पण जंतू मारण्याच्या बाबतीत तसं नाही. शुद्ध अल्कोहोल लगेच उडून जातं. जंतूंमधली प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी आणि थोडा वेळ लागतो, आणि ७० टक्क्यांच्या मिश्रणात दोन्ही मिळतं. घरी ९९ टक्क्यांचीच बाटली असेल तर ७० मिलीलिटर अल्कोहोलात ३० मिलीलिटर डिस्टिल्ड वॉटर घाला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच पाणी. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर मागे राहतात.

काय वापरू नये हेही तितकंच महत्त्वाचं. हाताच्या सॅनिटायझरमध्ये त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे बटणं चिकट होतात. डेटॉल हा जखमेसाठी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी घराघरात असतो, पण त्यात साबण आणि पाइन तेल असतं. तेही बटणांवर थर सोडतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन तर बटणांचं प्लास्टिकच विरघळवतं, कारण बहुतेक कीबोर्डची बटणं एबीएस प्लास्टिकची असतात. ब्लीचमुळे धातूचे भाग गंजतात. शिवाय ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून ते या कामात आणूच नका.

अल्कोहोल पटकन पेट घेतं. काम खिडकी उघडी ठेवून करा आणि जवळपास गॅस, उदबत्ती किंवा देवघरातला दिवा पेटलेला नसावा.

आपला कीबोर्ड कोणत्या प्रकारचा आहे

डेस्कटॉपबरोबर येणारा साधा कीबोर्ड बहुधा मेम्ब्रेनचा असतो. बटणांखाली रबराची एक चटई असते आणि तिच्याखाली प्लास्टिकच्या तीन पातळ शीट असतात. टकटक आवाज करणाऱ्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, आणि वरची टोपी, म्हणजे कीकॅप, काढता यावी अशीच त्याची रचना असते. लॅपटॉपची बटणं कात्रीसारख्या दुमडणाऱ्या नाजूक क्लिपवर बसवलेली असतात. पहिल्या दोन प्रकारांत कीकॅप काढून धुता येतात. लॅपटॉपची बटणं घरी उपटू नयेत. ती क्लिप तुटली तर एका बटणासाठी अख्खा कीबोर्ड बदलायची वेळ येते.

आता प्रत्यक्ष कृती

१. वीज तोडा. वायरचा कीबोर्ड असेल तर कॉम्प्युटर बंद करून यूएसबी काढा. वायरलेस असेल तर सेल काढा. लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि चार्जरही काढून ठेवा. काही लॅपटॉप बंद असतानाही कुठलंही बटण दाबलं की सुरू होतात. पुसताना तसं झालं तर तो पुन्हा बंद करा आणि मग पुढे जा.

२. मोबाइलवर वरून एक स्पष्ट फोटो काढा. कीकॅप काढणार नसाल तरी काढा, कारण पुसताना एखादी टोपी निघूनही येते.

३. कीबोर्ड उलटा करून झटका, मागून तळव्याने थोपटा. मग ब्रश एकाच दिशेने फिरवा. गोल गोल फिरवला तर धूळ एका फटीतून दुसऱ्या फटीत जाते. शेवटी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब आत जातात.

४. मेकॅनिकल कीबोर्डच्या कीकॅप तारेच्या पुलरने, म्हणजे टोपी पकडून ओढायच्या छोट्या साधनाने, सरळ वर ओढून काढा. तिरका जोर लावला तर खालचा दांडा तुटतो. स्पेस, एंटर, शिफ्ट या लांब बटणांखाली तोल राखणारी तार असते. ती काढताना आणि परत अडकवताना सगळ्यात जास्त त्रास होतो, म्हणून फार घाण नसेल तर ही बटणं जागेवरच पुसावीत. त्या तारेला वंगण लावलेलं असेल तर ते अल्कोहोलने पुसून टाकू नका.

काढलेल्या कीकॅप कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून अर्धा तास भिजू द्या. पाणी कडकडीत नको, प्लास्टिक वाकडं होऊ शकतं. मग टूथब्रशने आतबाहेर घासा, दोनदा साध्या पाण्यात खळबळा आणि कापडावर पसरून ठेवा. दांड्याच्या भोकात पाणी अडकून राहतं, ते झटकून काढा. पूर्ण सुकायला बहुधा एक रात्र लागते. काही बटणं धुतल्यावरही गुळगुळीत चमकत राहतील. तो मळ नसतो. बोटांनी प्लास्टिक झिजलेलं असतं, ते घासून परत येत नाही.

टोप्या निघालेल्या असताना खालची पाटी ब्रशने आणि अल्कोहोलात किंचित भिजवलेल्या काडीने साफ करून घ्या. अशी संधी एरवी मिळत नाही.

५. कीकॅप काढल्या नसतील तर कापड साबणाच्या पाण्यात बुडवून इतकं पिळा की त्यातून एकही थेंब पडू नये. त्याने बटणांचे माथे आणि बाजू पुसा. नंतर साध्या पाण्याच्या ओलसर कापडाने साबण काढा. पिवळा, तेलकट डाग हळदीचा आणि फोडणीचा असतो, तो दोन-तीनदा पुसावा लागतो. कोपऱ्यातली काळी रेघ कापसाच्या काडीने काढा.

६. आता निर्जंतुकीकरण. अल्कोहोल कधीही थेट कीबोर्डवर फवारू नका, ते कापडावरच घ्या. एका वेळी बटणांची एकच रांग पुसा. पुसल्यावर ती रांग निदान ३० सेकंद ओली दिसायला हवी, मिनिटभर राहिली तर आणखी चांगलं. बहुतेक लोक इथेच घाई करतात. ओला हात फिरवला की लगेच कोरड्या कापडाने चकचकीत करतात, आणि जंतुनाशकाला काम करायला वेळच मिळत नाही. पंखा जोरात असेल तर तेवढ्यापुरता बंद ठेवा, नाहीतर अल्कोहोल आधीच उडून जातं. एंटर, स्पेस, बॅकस्पेस आणि बाण यांच्यावर बोटं सगळ्यात जास्त पडतात, त्यांना दोनदा पुसा. त्याच कापडाने माउसची बटणं, चाक आणि मनगट टेकतं तो भागही पुसून घ्या.

बटणांवर देवनागरीचे स्टिकर चिकटवलेले असतील तर जपा. अल्कोहोलने त्यांचा गोंद सुटतो आणि छापही फिकट होऊ शकते. मराठी टायपिंग शिकणाऱ्यांच्या घरी असे इनस्क्रिप्टचे, म्हणजे देवनागरी अक्षरांच्या ठरावीक मांडणीचे, स्टिकर असू शकतात. तिथे कापड फक्त ओलसर करून हलका हात फिरवा, कडा घासू नका. झिजलेला स्टिकर मळका वाटतोच, तो बदलणंच बरं.

७. सुकू द्या. नुसता अल्कोहोलचा हात फिरवला असेल तर काही मिनिटं पुरतात. साबणाचं पाणी वापरलं असेल तर काही तास थांबा. कोकणात किंवा मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच इतका ओलावा असतो की एक पूर्ण दिवस दिलेला बरा. अशा वेळी पंख्याखाली ठेवा, पण हेअर ड्रायरची गरम हवा आणि दुपारचं कडक ऊन दोन्ही टाळा. लॅपटॉप असेल तर सुकेपर्यंत त्याचं झाकण लावू नका, अल्कोहोल स्क्रीनच्या लेपाला लागेल.

८. कीकॅप फोटो पाहून बसवा. प्रत्येक रांगेतल्या टोप्यांचा उतार बहुधा वेगळा असतो, म्हणून रांग चुकली तर बोटांना लगेच कळतं. एफ आणि जे या बटणांवर छोटा उंचवटा असतो. इनस्क्रिप्टमध्ये तिथे पहिली वेलांटी आणि ‘र’ येतात. न बघता टाइप करणारे त्याच दोन खुणांवर दोन्ही हात ठेवतात, म्हणून ही दोन आधी बसवली की बाकीची जागा सापडत जाते. शेवटी एक कोरा दस्तऐवज उघडून सगळी बटणं एकदा दाबून बघा.

लॅपटॉपसाठी थोडं वेगळं

लॅपटॉपच्या बटणांच्या फटी बारीक असतात आणि खालीच मदरबोर्ड असतो, म्हणून ओलावा शक्य तितका कमी ठेवायचा. अ‍ॅपलने मॅकबुकसाठी सांगितलेली एक पद्धत इतर लॅपटॉपवरही वापरता येते. लॅपटॉप साधारण ७५ अंशांत तिरका धरायचा आणि हवेच्या नळीचं टोक बटणांपासून अर्धा इंच लांब ठेवून डावीकडून उजवीकडे नागमोडी हवा मारायची. मग तो उजव्या कुशीवर वळवून पुन्हा, आणि नंतर डाव्या कुशीवर. बटण अडकत असेल तर बहुधा त्याच्या क्लिपमध्ये एखादा कण असतो, आणि तो अशाने निघून येतो.

बाजारात मिळणारी चिकट जेली मी सुचवणार नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती मऊ पडते आणि तिचे तुकडे बटणांखाली राहतात.

चहा सांडला तर

दूध-साखरेचा चहा पाण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. पाणी सुकून जातं, पण साखर आणि दूध आत चिकटून राहतात आणि मुंग्यांनाही बोलावतात. आधी प्लग काढा. लॅपटॉप असेल तर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरून बंद करा, चार्जर काढा आणि तो उलटा, तंबूसारखा उभा ठेवा. पुन्हा चालू करून बघायचा मोह टाळा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. ओल्या सर्किटमधून वीज गेली की खरं नुकसान तिथेच होतं. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही.

साधा मेम्ब्रेन कीबोर्ड मात्र घरी वाचवता येतो. मागचे स्क्रू काढून तो उघडा. रबराची चटई साबणाच्या पाण्यात धुवा. तिन्ही शीट एकमेकींपासून हळूच सोडवून ओलसर कापडाने पुसा आणि वेगवेगळ्या वाळत ठेवा, कारण दोन शीटमध्ये अडकलेलं पाणी दिवसेंदिवस सुकत नाही. शीटवरच्या चंदेरी रेघा घासू नका, त्यांतूनच विजेचा संदेश जातो. काही कीबोर्डमध्ये या शीट एकमेकींना पक्क्या चिकटवलेल्या असतात. त्या ओढून वेगळ्या करू नका.

किती वेळा करावं

घरच्यांचाच वापर असेल तर आठवड्यातून एकदा झटकणं आणि पुसणं, आणि दोन-तीन महिन्यांनी सविस्तर सफाई पुरे. घरात कुणी आजारी असेल, किंवा कीबोर्ड पाहुण्यांनी, शेजारच्या मुलांनी वापरला असेल, तर त्या दिवशी अल्कोहोलचा हात फिरवा. २०२० मधल्या एका प्रयोगात कोरोनाचा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत तग धरताना आढळला होता. मात्र नंतरच्या काळात स्पष्ट झालं की हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. म्हणून तासातासाला पुसत बसायची गरज नाही, काम झाल्यावर साबणाने हात धुणं जास्त उपयोगाचं आहे. उलट्या-जुलाबांना कारण ठरणाऱ्या नोरोव्हायरसवर तर अल्कोहोल फारसं चालत नाही, तिथे साबणाने हात धुण्यावरच भर द्यावा लागतो.

उरलेलं अल्कोहोल पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. रंगाने ते पाण्यासारखंच दिसतं. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, गॅसपासून दूर आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या कपाटात ठेवा.