वचन धरून बसलोय, तरी मनाला विसावा नाही? या चुका टाळा

रात्री अडीचला जाग येते, हात आपोआप मोबाईलकडे जातो, बायबलमधल्या वचनाचं एखादं कार्ड सापडतं, ते स्टेटसला टाकायचं, मनात "क्लेम केलं प्रभू, आमेन" म्हणायचं, म्हणजे हे अभिवचन माझंच असं धरायचं, आणि कूस बदलायची, तरी छातीवरचा दगड काही हलत नाही. ज्यांचं असं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी वास्कोला राहते, बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना असते, दहा-बाराजण येतात, बहुतेक पोटापाण्यासाठी गोव्यात आलेली मराठी घरं, आणि नंतर चहाच्या वेळी कोणी ना कोणी हळूच विचारतंच, "ताई, वचन तर धरलंय, मग शांती का नाही?" माझं स्वतःचं दोन वर्षं हेच झालं होतं, आमच्या ह्यांचं काम सुटलं तेव्हा. त्यामुळे जिथे जिथे मी अडकले तेच सांगतेय.

वचन अर्धंच उचलणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते. यिर्मया 29:11 आपल्या सगळ्यांच्या कॅलेंडरवर, फ्रिजवर असतं, की देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचेच विचार आहेत, आशा द्यायचे आहेत. मी हे वचन घेतलं आणि महिनाभरात नोकरी लागणार असं धरून बसले. महिना गेला, सहा महिने गेले, मग राग यायला लागला, आधी माणसांचा आणि नंतर देवाचा. एका दुपारी तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला. ते एक पत्र आहे, यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून बाबेलात पाठवलेलं, घरदार सोडून धरून नेलेल्या लोकांना. आणि 11 च्या बरोबर वर, 10 व्या वचनात, देव म्हणतो की 70 वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. 70 वर्षं! म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण तो दिवस बघणारही नव्हते. मग तोवर काय करायचं, तर तेही वरच आहे, 5 ते 7 मध्ये, घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं बघा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. मी तर इतकी वर्षं वास्कोत अशी राहिले की जणू उद्याच गावाला जायचंय, शेजारणीचं नावही नीट माहीत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या बिल्डिंगसाठी प्रार्थना केली. वचन खोटं नव्हतं हो, मीच त्यातला हवा तेवढा तुकडा कापून घेतला होता.

आपल्या गोव्यातच याचं एक सुंदर उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडहून 1579 साली गोव्यात आलेले, त्यांनी ख्रिस्तपुराण मराठीत, आपल्या ओवीत लिहिलं आणि ते 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, जवळजवळ 11 हजार ओव्या. त्यांना येशूची गोष्ट सांगायची होती, तरी सुरुवात कुठून केली तर जगाच्या उत्पत्तीपासून, पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आणि मगच दुसऱ्यात ख्रिस्ताची. म्हणजे अख्खी कथा ऐकली की एकेक अभिवचन आपल्या जागेवर बसतं. म्हणून वचन क्लेम करायच्या आधी पूर्ण अध्याय वाचा आणि बघा की हे कोणाला सांगितलंय, कधी सांगितलंय, सोबत काही करायला सांगितलंय का, आणि ख्रिस्तात ते माझ्यापर्यंत कसं येतं. 2 करिंथ 1:20 मध्ये प्रेषित पौल म्हणतोच की देवाची जितकी अभिवचनं आहेत त्या सगळ्यांना "होय" हे ख्रिस्तामध्ये आहे. म्हणजे आधी त्याच्याकडे जायचं, ओळ नंतर.

देवाला तारीख देणं

अब्राहामाला देवाने संतानाचं अभिवचन दिलं होतं. तो हारान सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा 100 चा, मधली 25 वर्षं नुसती वाट. आणि त्याच मधल्या काळात घाई झाली, बायकोच्या दासीकडून, हागारेकडून, इश्माएल झाला तेव्हा तो 86 चा होता, आणि त्या घाईपायी घरात किती रडारड झाली ते उत्पत्तीत वाचा. "31 मार्चच्या आत दे प्रभू" अशी प्रार्थना मीपण केलीय. आता तारीख वहीत लिहिते, पण उत्तराची नाही, मागितल्याची. चार महिन्यांनी मागची पानं चाळली की कळतं, मागितलेलं कधीकधी नाही मिळालं पण त्या दिवसांत भाकर कुठून तरी आलीच होती.

विसावा म्हणजे सुशेगाद, असं समजणं

गोव्यात राहून ही गल्लत सहज होते. सुशेगाद हा शब्द पोर्तुगीज सोसेगादोवरून आलाय, शांत, निवांत, आणि मला तो मनापासून आवडतो, दुपारी जेवून दार लोटून पडणं यात काही पाप नाही. पण मत्तय 11:28 मध्ये "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो" म्हणून जो विसावा द्यायचं प्रभू बोलतो, त्याच्या लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो माझं जू आपल्यावर घ्या. विसावा आणि जू एकाच श्वासात! मला हे बरीच वर्षं समजलंच नाही. जू दोघांच्या मानेवर असतं, एकट्या बैलाला जुंपून नांगर चालत नाही. काम तेच राहतं, बिलं तीच, सासूबाईंची औषधं तीच, फक्त ओढणारी मी एकटी नसते.

आमच्या वास्कोच्या खारीवाड्याच्या बाजूला जाऊन बघा, 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस मासेमारी बंद असते, ट्रॉलर उभे, पण त्या दिवसांत जाळी विणली जातात, फाटलेलं शिवलं जातं, इंजिनं उघडतात. मला देवातला विसावा तसा वाटतो. हात रिकामे नसतात, पण वादळात शिरायची धावपळ थांबलेली असते. तुमची रविवारची उपासना होते, पण उरलेला दिवस पुढच्या आठवड्याच्या टेन्शनमध्येच जातो का, ते एकदा तपासा.

थकलेल्या शरीराला कमी विश्वासाचा दोष देणं

ही चूक मला फार टोचते कारण तिने माणसं खरोखर आजारी पडतात. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला तिथे वचन घोकायला लावलं नाही. 1 राजे 19 वाचा, आधी झोप, मग दूताने उठवून गरम भाकर आणि पाणी, मग परत झोप, मग परत भाकर, आणि बोलणं त्यानंतर. म्हणून दहा दिवस धड झोप नाही, जेवण जात नाही, तर पहिल्यांदा झोप आणि जेवण सुधारा, उपास तेव्हा करू नका. आणि कोणीही, कितीही मोठा सेवक असो, "वचन क्लेम केलंय ना, मग गोळ्या कशाला" असं म्हणाला तर ऐकू नका. बीपीची, शुगरची, डिप्रेशनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, प्रार्थना कमी पडली म्हणून रागावला नव्हता. आणि पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही गेला नाही, तेव्हा "माझी कृपा तुला पुरे" हे उत्तर मिळालं, आणि तेही अभिवचनच आहे. मन फारच बुडत असेल, जगणं नको वाटत असेल तर 14416 वर फोन करा, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे. फोन करताना देवापासून लांब गेलो असं अजिबात वाटून घेऊ नका.

रडायला लाजणं

आमच्यातल्या एका मावशींचा मुलगा गेला तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितलं, रडू नका, साक्ष खराब होते, म्हणजे लोकांना आपला विश्वास कच्चा वाटतो. त्या बिचाऱ्या महिनाभर कोरड्या डोळ्यांनी बसल्या आणि मग आतून पार ढासळल्या. आपला मित्र लाजार याच्या कबरेजवळ प्रभू स्वतः रडला, त्याला मेलेल्यातून उठवणार हे माहीत असताना रडला. स्तोत्र 88 वाचलंय का कधी? ते अंधारातच संपतं, शेवटी आनंद वगैरे नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मी मावशींना तेच स्तोत्र वाचून दाखवलं, मध्येच त्यांनी हात धरला आणि रडल्या, कितीतरी वेळ. त्या रात्री झोपले असं त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं.

देवाने माझं काय काय केलं ही जी साक्ष दुसरा सांगतो, तिच्याशी आपलं मोजमाप करणं हीपण चूकच, तिच्या नवऱ्याला तीन दिवसांत व्हिसा मिळाला म्हणून तुमचा देव उशीर करतोय असं होत नाही.

आमच्या ह्यांना काम दोन वर्षांनी लागलं, पगार आधीपेक्षा कमी. पण मला नीट झोप लागायला त्याच्या बरीच आधी सुरुवात झाली होती. फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून ठेवायचे, उशाशी कागदी बायबल आणि वही. जाग आली की स्तोत्र 4 काढायचं, आठच वचनं आहेत, हळू आवाजात सगळी वाचायची, मग जी भीती वाटतेय ती आपल्या साध्या भाषेत, जशी आईला सांगतो तशी सांगायची, काहीही क्लेम न करता. आणि मग दिवा बंद.