नीटचा निकाल ते कॅप राउंड: धास्तावलेल्या मुलांसाठी

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की ओळखीतल्या मुलांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा एकच असतो: "ताई, एवढ्या मार्कांवर गव्हर्नमेंट लागेल का?" आवाजातली धडधड फोनवरही कळते. मी मराठी माध्यमातून शिकले आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केलं. या दिवसांत डोक्यात काय काय चालतं ते मला ठाऊक आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षीच्या कटऑफशी आपले मार्क ताडून रडत बसू नका. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये फिजिक्स इतकं अवघड आलं की देशात पहिल्या आलेल्या मुलाचे मार्क ६८६ होते. २०२४ मध्ये ज्या मार्कांवर जागा हुकली, त्याहून बऱ्याच कमी मार्कांवर पुढच्या वर्षी प्रवेश झाले. तेव्हा बघायचा तो ऑल इंडिया रँक, आणि सीईटी सेलची (राज्यातले प्रवेश हाताळणाऱ्या सरकारी कक्षाची) राज्य गुणवत्ता यादी लागली की तिच्यातला आपला क्रमांक. तुलना करायचीच असेल तर गेल्या वर्षी आपल्या प्रवर्गातला शेवटचा प्रवेश कोणत्या मेरिट नंबरला झाला ते शोधा.

नीट दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असा अनेक घरांत समज असतो. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा एमसीसी या केंद्राच्या समितीमार्फत देशपातळीवर भरतात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलमार्फत, कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडमधून. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते. राज्याच्या कोट्यासाठी साधारणपणे अधिवास हवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. (वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषिकांसाठी वेगळी तरतूद आहे.) अकरावीला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात निघालेली धाकटी भावंडं असतील तर त्यांना आजच सांगा: तिथल्या शाळेतून बारावी दिली, तर राज्याचा कोटा हातचा जातो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो प्रेफरन्स फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरताना. भीतीपोटी मुलं "मला मिळेल असं" कॉलेज वर टाकतात आणि मनातलं कॉलेज खाली. असं करू नका! संगणक मेरिटच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो आणि त्याच्या यादीत वरून खाली बघत पहिली रिकामी जागा त्याला देतो. तुमच्या यादीत केईएम, बीजे, ग्रँट ही मुंबई-पुण्याची नावाजलेली कॉलेजं सगळ्यात वर असतील आणि तिथे नंबर लागत नसेल, तर संगणक पुढच्या नावाकडे जातो. वरची नावं लिहिल्याने खालच्या जागेवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट खालचं कॉलेज आधी लिहिलंत आणि ते मिळालं, तर त्या फेरीत वरच्या कॉलेजचा विचारच होत नाही. म्हणून यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहा आणि लांबलचक लिहा. नंदुरबार, सिंधुदुर्ग, गोंदिया अशी नावं घरापासून लांब वाटतात म्हणून वगळू नका. अभ्यासक्रम एकच, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा एकच, पदवीही तीच. अंबाजोगाईसारख्या ठिकाणी सर्पदंश, विषबाधा, अडलेली बाळंतपणं विद्यार्थ्यांना फार जवळून दिसतात, आणि त्या अनुभवाबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

पुढच्या फेरीत मात्र जपून. हाती असलेल्या जागेवर समाधानी असाल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म (आहे तीच जागा ठेवण्याचा) भरा. तो न भरता वरच्या पर्यायावर नंबर लागला, की आधीची जागा आपोआप जाते. जागा सोडण्याचे आणि अनामत जप्त होण्याचे नियम माहितीपुस्तिकेत असतात. ती आई-वडिलांसोबत बसून शेवटपर्यंत वाचा, टेलिग्रामवरच्या क्लिपांवर विसंबू नका.

कागदपत्रांपैकी जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो, ते बारावीतच मार्गी लावावं. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत तपासा. ऑल इंडिया कोट्यात ओबीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास २०२४-२५ पासून शिक्षण शुल्कात पूर्ण माफी आहे, याची चौकशी जरूर करा. आणि "पैसे द्या, सरकारी सीट करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

नंबर लागलाच नाही तर? निकालाच्या आठवड्यात ड्रॉपचा, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट देण्याचा, निर्णय घेऊ नका. सगळ्या फेऱ्या होऊ द्या, मग उत्तरपत्रिका समोर घेऊन मार्क नेमके कुठे गेले ते बघा. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, कमाल वयाची अटही २०२२ मध्ये काढली आहे. म्हणजे दार बंद झालेलं नसतं. पण पुन्हा वर्षभर तेच करण्याची ताकद आपल्यात आहे का, हे स्वतःला विचारा, शेजारच्या काकांना नव्हे. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर एक क्षणही एकटं राहू नका. घरात कुणाला तरी सांगा, किंवा १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदत) क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

ज्यांना जागा मिळेल त्यांची पुढची भीती इंग्रजीची. ॲनाटॉमीची पहिली लेक्चरं डोक्यावरून जातात, इंग्रजी माध्यमवाल्यांच्याही, कारण ते शब्द सगळ्यांनाच नवे असतात. सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, त्यात भाषेचीही तयारी करून घेतात. शिक्षकांना मराठीत शंका विचारायला लाजू नका, वॉर्डात पेशंटशी बोलायचं आहे ते मराठीतच. आणि जाडजूड पुस्तकं आत्ताच विकत घेऊ नका. होस्टेलला गेल्यावर सीनियर्सना विचारा, त्यांच्याकडची जुनी पुस्तकं मिळतात.