स्पिन होत नाही: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पावसाळा सुरू झाला की ठाण्यात आणि नवी मुंबईत वॉशिंग मशीनच्या कम्प्लेंटचे स्वरूप बदलते. एरवी गळती, आवाज, पाणी न भरणे अशी कामे येतात. जून-जुलैत मात्र बहुतेक फोनवर एकच वाक्य ऐकू येते, ‘कपडे ओलेचिंब निघतात, मशीन फिरतच नाही.’ आयटीआय करून किंवा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली शिकून तुम्ही या कामाला लागला असाल, तर तुमचा खरा कस याच कम्प्लेंटवर लागणार आहे. मल्टिमीटर कसा लावायचा, मोटर आणि कपॅसिटर कसे ओळखायचे, हे तुम्हाला येते असे मी धरून चालतो.

सगळ्यांत आधी मशीन कोणते आहे ते पाहावे, कारण सेमी ऑटोमॅटिक, टॉप लोड आणि फ्रंट लोड यांची स्पिनची रचना मुळातच वेगळी आहे. सेमी ऑटोमॅटिकचे काम तुलनेने सरळ असते. प्लग काढून ड्रायरचा टब हाताने फिरवावा. तो मोकळा फिरत असेल आणि वीज दिल्यावर मोटर नुसती घुमत असेल, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. टब जड लागत असेल, तर ब्रेकची तार ढिली झाली आहे का, ब्रेक चिकटला आहे का, टबाखाली एखादा पायमोजा किंवा रुमाल गेला आहे का, हे पाहावे. मोटर अजिबात आवाज करत नसेल, तर झाकणाचा स्विच, टायमर आणि उंदरांनी कुरतडलेली वायर या क्रमाने तपासत जावे. कपॅसिटरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करायलाच हवा. यात हयगय नको.

खरी फसगत फुल ऑटोमॅटिकमध्ये होते, आणि तिच्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे, कारण काम शिकताना तिने मला रडकुंडीला आणले होते. मशीन कपडे धुते, पाणी काढते आणि मग गप्प उभे राहते. मी ज्या दुकानात शिकलो तिथे अशा वेळी ‘बोर्ड गेला’, म्हणजे मशीन चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट गेले, असे सांगण्याचा शिरस्ता होता. हजारो रुपयांचा नवा बोर्ड बसवल्यावरही मशीन तसेच उभे राहिले की गिऱ्हाईक शेजारी उभे राहून आपल्या तोंडाकडे पाहत असते, आणि त्या बोर्डाचे पैसे कोणी द्यायचे या वादात शिकाऊ मुलाचा पगार सर्वांत आधी कापला जातो.

फुल ऑटोमॅटिक मशीन टबातले पाणी गेल्याची खात्री झाल्याशिवाय जोरात फिरत नाही, आणि ही खात्री ते प्रेशर स्विचवरून करते. टबाच्या तळाशी एक छोटा हवेचा कप्पा असतो आणि त्यातून एक बारीक नळी वर प्रेशर स्विचपर्यंत जाते. उलटा पेला बादलीत दाबला की आतली हवा जशी कोंडते, तशी टबात पाणी चढल्यावर या नळीत हवा कोंडते आणि तिच्या दाबावरून मशीनला पाण्याची पातळी कळते. पाणी उतरले की दाबही उतरला पाहिजे. पण कप्प्याच्या तोंडाशी साबण, धाग्यांची लव आणि क्षार यांचा राखाडी, चिकट लगदा साचला असेल, तर पाणी निघून गेले तरी हवा आत अडकून राहते आणि टब भरलेलाच आहे असे मशीन समजते. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्या टँकर किंवा बोअरवेलच्या पाण्यावर चालतात, तिथे पाणी जड असल्यामुळे आणि फेस येईना म्हणून लोक पावडर जास्त टाकत असल्यामुळे हा लगदा लवकर धरतो.

याची तपासणी सोपी आहे. टब रिकामा असल्याचे डोळ्यांनी पाहावे, प्लग काढावा आणि प्रेशर स्विचवरची नळी हळूच ओढून काढावी. जुन्या पद्धतीचा स्विच असेल तर त्याच क्षणी ‘टक’ असा आवाज येतो, कारण अडकलेला दाब सुटतो. नळी मोकळी ठेवून फक्त स्पिन लावून पाहावे. मशीन फिरले, तर बोर्ड, मोटर आणि क्लच (मोटरचा फेरा टबाला जोडणारा भाग) यांना दोष देण्याचे कारण उरत नाही. पुन्हा प्लग काढून कप्पा कोमट पाण्याने धुवावा आणि नळीतून टबाच्या दिशेने फुंकावे. नळी स्विचला जोडलेली असताना ब्लोअर मारू नये, त्याने आतला पडदा फाटतो. नळी मुडपलेली किंवा तिच्या झोळात पाण्याचा थेंब अडकलेला असेल, तरीही असाच घोटाळा होतो. बसवताना क्लिप घट्ट लावावी, कारण तिथून हवा गळाली तर पुढच्या वेळी टब भरून वाहू लागेल.

या तपासणीच्याही आधी पाणी खरोखरच पूर्ण जाते का, हे पाहायला हवे. पंप नसलेल्या टॉप लोडमध्ये पाणी उताराने जाते. बाल्कनीतून बाथरूमपर्यंत नेलेला पाइप मध्ये उंबऱ्यावरून चढवला असेल, तर तळाचे पाणी मागेच राहते. सिडकोच्या जुन्या, लहान घरांत हे फार आढळते आणि पाइप खाली घेतल्यावर काम तिथेच संपते. फ्रंट लोडमध्ये खालच्या झडपेमागचा फिल्टर उघडावा, पण आधी परात ठेवावी. नाणी, ब्लाउजचे हुक आणि केसांचा गुंता तिथेच सापडतो.

पाणी गेले आहे, मशीनलाही ते कळले आहे, मोटरचा आवाज येतो आहे आणि तरीही टॉप लोडचा टब फिरत नाही, अशा वेळी ड्रेन मोटरकडे पाहावे. अनेक मॉडेलांत हीच मोटर पाणी सोडणारी झडप उघडते आणि क्लचचा दांडाही ओढते. ती अर्धवट ओढत असेल तर पाणी जाते, पण ब्रेक सुटत नाही. बेल्टही याच वेळी पाहून घ्यावा. थोडे फिरून परत थांबत असेल, तर एकच गोधडी किंवा जाड चादर टाकली आहे का, हे विचारावे. भार एका बाजूला गेल्यावर मशीन स्वतःला वाचवण्यासाठी थांबते. बाल्कनीच्या फरशीला पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यामुळे लेव्हल पट्टी ठेवून पाय जुळवून घ्यावेत. एलजीच्या मशीनवर ‘यूई’ म्हणजे असमतोल आणि ‘ओई’ म्हणजे पाणी बाहेर न जाणे, एवढे दोन कोड पाठ असले तरी पुष्कळ वेळ वाचतो.

झाकणाचा स्विच डायरेक्ट करून, म्हणजे झाकण उघडे असतानाही मशीन फिरेल असे जोडून, देणाऱ्यांबद्दल मला अतिशय राग आहे. मिनिटाला शेकडो फेरे घेणाऱ्या टबात लहान मूल हात घालू शकते. गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी हे काम करू नये, फुकटात परत यावे. ‘पार्ट बदलून बघ’ म्हणणाऱ्या उस्तादाकडेही फार काळ राहू नये. जो उस्ताद पाना हातात घेण्याआधी मशीन एकदा चालवून, कान देऊन ऐकतो, त्याच्याकडे पगार कमी असला तरी टिकून राहावे.

सुरुवातीला एकेका मशीनला दोन-दोन तास लागतील आणि गिऱ्हाईक घड्याळ पाहील. घाबरू नये, त्या वेळाची लाज बाळगू नये. बोर्ड खराब निघण्याची वेळही येतेच, पण स्पिनच्या वेळी बोर्डातून मोटरकडे जाणारा व्होल्टेज मोजून तो येत नाही हे दिसल्यावर, आणि झाकण, पाणी व वायरिंग यांची शहानिशा झाल्यावरच तसे सांगावे. काम झाल्यावर नुसते स्पिन दाखवून निघू नये. पाणी भरून ते ठरलेल्या पातळीला थांबते का, निघते का आणि मग ओल्या कपड्यांसह टब पूर्ण वेग घेतो का, हे गिऱ्हाइकासमोर पाहावे आणि जुना पार्ट बदलला असेल तर तो त्यांच्या हातात द्यावा.