साबण आणि मेणबत्त्यांचा छोटा व्यवसाय घरातून कसा चालवावा

साबण आणि मेणबत्त्या एकाच टेबलावर मांडून विकता येतात. साचे आणि सुगंध दोन्हीकडे लागतात, गिऱ्हाईकही बरंचसं तेच. त्यामुळे हा एकच धंदा आहे असं वाटतं. प्रत्यक्ष करायला घेतलं की फरक कळतो. साबणातला धोका बनवणाऱ्याच्या घरी असतो: तेलाचा साबण करणारा दाहक कॉस्टिक सोडा तुम्ही हाताळता, आणि नीट मुरलेली वडी गिऱ्हाइकाकडे पोचते तेव्हा त्यात तो उरलेला नसतो. मेणबत्तीचं नेमकं उलट आहे. बनवायला सोपी, पण पेटते दुसऱ्याच्या घरात, तुम्ही तिथे नसताना. साबणात काळजी बनवताना घ्यायची आणि मेणबत्तीत विकायच्या आधी. कामाची आखणी या एका फरकावरून करायची.

1. जागा, सामान, परवानगी

वेगळी खोली नसली तरी चालेल, पण वेगळी वेळ हवी. साबण करताना लहान मूल किंवा पाळीव प्राणी आसपास फिरकणार नाही अशी. भांडी मात्र कायमची वेगळी ठेवा, ती परत स्वयंपाकाला लावायची नाहीत. स्टील किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या प्लॅस्टिकचे मग उत्तम. ॲल्युमिनियम अजिबात नको: कॉस्टिक सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. काचही नको, कारण ती आतून झिजत जाते आणि एखाद्या दिवशी गरम द्रावणासकट तडकते. याखेरीज गॉगल, लांब हातमोजे, थर्मामीटर, हँड ब्लेंडर आणि एक ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा वजनकाटा. पैसे वाचवायचेच असतील तर साच्यात वाचवा. साध्या लाकडी खोक्याला आतून बेकिंग पेपर लावला तरी वडी सुबक निघते. वजनकाट्यात काटकसर करू नका.

परवानगीचं आधी विचारून घ्या, घाऊक माल नंतर आणा. बऱ्याच ठिकाणी अंगाला लावायचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली येतो. कुठे उत्पादनाचा परवाना लागतो, कुठे प्रत्येक कृतीचं सुरक्षा मूल्यांकन, तर कुठे राहत्या घरात उत्पादन करण्यावरच मर्यादा असतात. घराचा विमा असेल तर घरात मेण वितळवून विकणं त्याला चालतं का, तेही लेखी विचारा.

2. साबणाची पद्धत ठरवा

दोन वाटा आहेत. मेल्ट अँड पोअरमध्ये तयार सोप बेस वितळवायचा, रंग-सुगंध घालून ओतायचा. कॉस्टिक सोड्याशी संबंध नाही, वडी त्याच दिवशी विकता येते. पण दमट हवेत तिच्यातलं ग्लिसरीन ओलावा ओढतं आणि वडीवर थेंब दिसतात, म्हणून ती लगेच घट्ट गुंडाळावी लागते. शिवाय तोच बेस घेऊन तेच करणारे पुष्कळ असतात, त्यामुळे किमतीत ओढाताण होते. कोल्ड प्रोसेस म्हणजे तेलापासून स्वतः साबण बनवणं. वेळ खूप लागतो, पण कृती तुमची स्वतःची असते. धंदा म्हणून टिकायचं असेल तर माझा कौल कोल्ड प्रोसेसला. मेल्ट अँड पोअर हात बसवायला चांगलं.

3. कॉस्टिकचा हिशेब

प्रत्येक तेलाचा साबण व्हायला ठरावीक सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा, लागतो. दर ग्रॅम तेलामागे ऑलिव्ह तेलाला साधारण 0.135 ग्रॅम, खोबरेल तेलाला 0.183 आणि एरंडेल तेलाला 0.128. समजा 1000 ग्रॅम तेलाची बॅच आहे: ऑलिव्ह 650, खोबरेल 250, एरंडेल 100. गुणाकार केला की 87.75, 45.75 आणि 12.8, बेरीज 146.3 ग्रॅम. एवढा सगळा सोडा घालायचा नाही. पाच टक्के कमी घ्यायचा, म्हणजे 139 ग्रॅम. त्यामुळे थोडं तेल मोकळं राहतं, त्वचा कोरडी पडत नाही आणि मोजमापातल्या बारीक चुकीला जागा उरते. याला सुपरफॅट म्हणतात. तो आठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. मोकळं तेल खवट होतं आणि काही महिन्यांनी वडीवर नारिंगी डाग उठतात. पाणी सोड्याच्या दुप्पट, म्हणजे 278 ग्रॅम.

कृती कोणाचीही असो, हा हिशेब स्वतः करून पाहा. तेल बदललं की आकडे बदलतात. ऑलिव्ह संपलं म्हणून तेवढंच खोबरेल घातलं, तर कॉस्टिक कमी पडतो आणि वडी मऊ, तेलकट राहते. उलट अदलाबदल केली तर कॉस्टिक शिल्लक राहतो आणि वडी कातडी जाळते. आणि सगळं वजनाने. पाणीसुद्धा.

4. साबण बनवणं

गॉगल आणि हातमोजे घालून, खिडकी उघडून, सोडा पाण्यात थोडा थोडा सोडत ढवळा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. द्रावण उकळीच्या जवळपास तापतं आणि त्याच्या वाफा घशाला झोंबतात, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. तेल आणि द्रावण दोन्ही 40 अंश सेल्सियसच्या आसपास आले की द्रावण तेलात ओता आणि हँड ब्लेंडर थांबून थांबून चालवा. मिश्रण दाटून त्याच्यावर ओतलेली धार क्षणभर वर दिसत राहिली की ट्रेस आला. आता सुगंध: तेलाच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे इथे 30 ग्रॅम. पुरवठादाराने त्या सुगंधासाठी कमाल मर्यादा याहून कमी दिली असेल तर तीच पाळायची. काही सुगंधांनी मिश्रण भांड्यातच घट्ट होऊन बसतं आणि व्हॅनिलीन असलेल्या सुगंधांनी पांढरी वडी तपकिरी होते, म्हणून नवा सुगंध आधी लहान बॅचमध्ये घालून पाहावा.

कातडीवर द्रावण उडालं तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा. व्हिनेगर चोळू नका, त्याने उष्णता आणखी वाढते. डोळ्यात गेलं तर सलग पाणी मारत राहायचं आणि सरळ डॉक्टर.

5. कापणं आणि मुरवणं

24 ते 48 तासांनी साच्यातून काढून वड्या कापा. मग चार ते सहा आठवडे हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटवता मांडून ठेवा. साबण होण्याची रासायनिक क्रिया पहिल्या एक-दोन दिवसांतच बहुतेक पुरी होते. पुढचे आठवडे पाणी उडून जायला लागतात. वडी कडक होते, फेस सुधारतो आणि न्हाणीघरात ती लवकर विरघळत नाही. वरच्या बॅचच्या बारा वड्या केल्या तर ओली वडी 120 ग्रॅमच्या आसपास असते, सुकल्यावर शंभराच्या थोडी वर. लेबलावर सुकलेलं वजनच लिहायचं.

नवशिके इथेच अडकतात. आठवड्याला एक बॅच केली तर कोणत्याही वेळी सहा बॅचेस, म्हणजे 72 वड्या, फळीवर नुसत्या बसून असतात आणि तुमचे पैसे त्यांच्यात गुंतलेले असतात. मागणीचा हंगाम माहीत असेल तर कॅलेंडरवर त्याच्या आठ आठवडे मागे खूण करा. त्यानंतर केलेला साबण त्या हंगामात विकायचाच नाही. मोठी ऑर्डर घेऊन चौथ्या आठवड्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात वडी देण्याचा मोह होतो, आणि मऊ वडी नेलेलं गिऱ्हाईक परत फिरकत नाही.

6. मेणबत्ती: मेण आणि ओतणं

सुरुवातीला काचेच्या किंवा पत्र्याच्या डब्यात ओतायची मेणबत्ती करावी. मेण कोणतं, हा प्रश्न लोक फार घोळवतात. पॅराफिन सुगंध चांगला फेकतं. सोया मेण कमी तापमानाला वितळतं, पण थंड होताना त्याच्यावर पांढरट बुरशीसारखी नक्षी येते. ती निर्धोक असते. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, महाग असतं आणि त्याला स्वतःचाच वास असतो. एक निवडा आणि वर्षभर त्यालाच धरून राहा, कारण मेण बदललं की वातीच्या सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात.

मेण थेट आचेवर नाही, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा आणि ते आचेवर असताना खोली सोडू नका. पेटलेल्या मेणावर पाणी पडलं तर ज्वाळा छतापर्यंत जाते. झाकण टाकून हवा तोडायची, आच बंद करायची. म्हणून झाकण हाताशी हवं, आणि शक्यतो आगीचं ब्लँकेटही.

सुगंध मेणाच्या वजनाच्या सहा ते दहा टक्के. प्रत्येकी 150 ग्रॅमच्या दहा मेणबत्त्या आठ टक्क्यांनी करायच्या असतील तर मेण 1389 ग्रॅम आणि सुगंध 111 ग्रॅम. सोया मेणात तो 80 अंशांच्या आसपास घालून दोन मिनिटं हलकेच ढवळावा. जास्त सुगंध म्हणजे जास्त वास असं नसतं. मेणाला पेलवेनासा झाला की तो तळाशी किंवा वर सुटतो आणि वात तुंबते. ओतायचं तापमान मेणाच्या माहितीपत्रकात असतं. सोयाची मेणबत्ती ओतल्यावर एक-दोन आठवडे ठेवावी, सुगंध नीट बसतो. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

7. वात, आणि जाळून पाहणं

तेल-चरबीचा साबण कसा होतो हे उलगडणारा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल आणि त्याचा सहकारी गे-ल्युसॅक यांनी 1825 मध्ये स्टिअरिक आम्लाच्या, म्हणजे चरबीतून काढलेल्या कडक मेणासारख्या पदार्थाच्या, मेणबत्तीचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी कांबासेरेस या दुसऱ्या फ्रेंच माणसाने विणलेली वात आणली. ती जळताना टोकाशी वळते, ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जाते, त्यामुळे काजळी सारखी छाटावी लागत नाही. चांगलं मेण मिळालं तरी वातीशिवाय मेणबत्ती सुधारली नाही. आजही बहुतेक तक्रारींचं मूळ वातीतच सापडतं.

वातीचा क्रमांक डब्याचा आतला व्यास, मेण आणि सुगंध या तिघांवर ठरतो. पुरवठादाराचा तक्ता सुरुवातीपुरता घ्या. त्यातली वात, तिच्याहून एक लहान आणि एक मोठी अशा तीन मेणबत्त्या करा. वात 5 ते 6 मिलिमीटर उरेल अशी छाटा, चार तास जाळा, विझवा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा छाटा, पुन्हा चार तास. हे शेवटपर्यंत. दर वेळी लिहून ठेवा: वितळलेलं मेण कडेपर्यंत कधी पोचलं, किती खोल झालं, काजळी आली का, डबा बाहेरून हाताला सोसवतो का. मेण कडेला न पोचता मध्येच विहीर पडत गेली तर वात लहान. ज्योत उंच होऊन नाचते, टोकाला गोळा धरतो, काच काळी पडते, तर मोठी. तीन-चार तासांत कडेपर्यंत पोचणारं, एक सेंटिमीटरच्या आसपास खोल तळं हवं. डबा जसा रिकामा होतो तसा आत उष्णता कोंडते, म्हणून खरी परीक्षा शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात होते. पहिल्या दिवशीची सुंदर ज्योत पाहून विक्री सुरू करू नये. 150 ग्रॅमची मेणबत्ती तीसेक तास चालते, म्हणजे एका चाचणीला आठवडा सहज जातो. नवा सुगंध म्हणजे पुन्हा तेच, आणि म्हणूनच सुरुवातीला दोन-तीनच सुगंध ठेवा.

डबा उष्णता सोसणारा हवा. मद्याचे पातळ पेले, शोभेच्या वाट्या, तडा गेलेले जुने कप दिसायला छान असतात, पण मेणबत्तीला नकोत.

8. किंमत

साहित्य, वेष्टण आणि लेबल, तुमची मजुरी, आणि वाया जाणारा माल: यात चाचणीत जळालेल्या मेणबत्त्या आणि फसलेली बॅचही आली. यांची बेरीज करून नफा मिळवा, तो झाला घाऊक दर. किरकोळ दर त्याच्या दुप्पट धरावा. दुकानदार विक्री किमतीतला चाळीस-पन्नास टक्के हिस्सा मागतो, तेव्हा ही जागा उपयोगी पडते. नाहीतर दुकानात माल ठेवणं तोट्याचं होतं. मजुरी शून्य धरून लावलेली किंमत ऑर्डर वाढली की गळ्याशी येते.

9. लेबल आणि वही

साबणाच्या लेबलावर घटक, वजन, तुमचा पत्ता आणि बॅच क्रमांक. इसब बरं होतं, मुरुमं जातात असलं काही लिहू नका. रोग बरा करण्याचा दावा केला की वस्तू औषधात मोडते आणि नियम बदलतात. मेणबत्तीवर तीन सूचना हव्याच: जळती मेणबत्ती नजरेआड करू नका, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा, मुलं आणि पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवा. त्याखाली वात छाटायला आणि तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की थांबायला सांगा.

वहीत प्रत्येक बॅचची तारीख, प्रत्येक घटकाचं वजन, तेलाच्या आणि सुगंधाच्या पिंपावरचा पुरवठादाराचा लॉट क्रमांक, तापमान. शिवाय प्रत्येक बॅचमधली एक वडी आणि एक मेणबत्ती स्वतःकडे राखून ठेवा. तक्रार आली की आधी बॅच क्रमांक आणि फोटो मागा, राखलेला नग काढून तसाच वापरून पाहा. दोष तुमच्याकडे दिसला तर त्या बॅचचा उरलेला माल त्याच दिवशी विक्रीतून काढा आणि ज्यांनी ती बॅच नेली त्यांना कळवा. मेणबत्तीचा डबा तडकल्याची किंवा ज्योत भडकल्याची तक्रार एकच आली, तरी दुसरीची वाट पाहू नका.