ओटीपोटाच्या तळाचे स्नायू : आवळण्याआधी सैल सोडायला शिका

खोकला आला, शिंक आली किंवा कोणी मनापासून हसवले की दोन थेंब लघवी सुटते, ही तक्रार बहुतेक स्त्रिया पहिल्या वाक्यात सांगत नाहीत. आधी कंबर दुखते म्हणतात, मग गुडघ्याचे सांगतात, आणि निघताना दारात चप्पल घालता घालता आवाज खाली करून हा विषय काढतात. पुण्यात फिजिओथेरपीचा व्यवसाय करताना हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता पहिल्या भेटीत मीच विचारते. 'बाळंतपणानंतर असे व्हायचेच' असे ऐकून वर्षानुवर्षे पॅड लावून वावरणाऱ्या या स्त्रियांपैकी पुष्कळ जणींना व्यायामाने स्पष्ट फरक पडू शकतो. मात्र तो व्यायाम आपल्यासाठी योग्य आहे का, हे आधी ठरवावे लागते.

पुढे जघनाचे हाड आणि मागे माकडहाड यांच्यामध्ये बाळाच्या झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा एक पडदा असतो; हेच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, इंग्रजीत पेल्व्हिक फ्लोअर. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो, आणि मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग त्यातूनच बाहेर पडतात. श्वास घेताना छातीखालचा श्वासपटल खाली येतो तेव्हा हा पडदाही किंचित खाली उतरतो, आणि श्वास सोडताना दोन्ही वर सरकतात. हे स्नायू दुबळे झाले तर लघवी किंवा वायू आवरत नाही, ओटीपोटात जडपणा येतो, आणि बायका ज्याला 'अंग बाहेर येणे' म्हणतात तोही, म्हणजे गर्भाशय किंवा मूत्राशय योनिमार्गात खाली सरकण्याचा, त्रास होऊ शकतो.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाविषयी लिहिले, आणि तेव्हापासून 'केगेल करा' हा सल्ला घरोघरी पोहोचला. अडचण अशी की काही जणींचे हे स्नायू दुबळे नसून सतत आवळलेले असतात. लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, धार तुटक येणे, शौचाला कुंथावे लागणे, संबंधाच्या वेळी दुखणे, बराच वेळ बसल्यावर माकडहाडाच्या आसपास ठणकणे ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीला दिवसाला शंभर वेळा आवळायला सांगणे म्हणजे मूठ घट्ट मिटून बसलेल्या माणसाला 'अजून जोर लाव' म्हणण्यासारखे आहे, आणि त्याने दुखणे वाढते. आवळलेला स्नायूही कामाला कमी पडतो, त्यामुळे लघवी सुटणे आणि ताठरपणा एकाच व्यक्तीत आढळू शकतात. म्हणूनच व्हिडिओ पाहून सुरुवात करण्याआधी एकदा तपासून घ्यावे.

तपासणीसाठी स्त्री-आरोग्य किंवा पेल्व्हिक फ्लोअर या विषयाचे वेगळे प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट शोधावा. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी राज्य परिषदेची नोंदणी लागते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. पहिल्या भेटीत बराचसा वेळ प्रश्नांत जातो. त्यानंतर तुमची संमती असेल तरच हातमोजा घालून एका बोटाने आतून तपासणी होते, आणि त्यात स्नायू किती जोराने आवळतो, किती सेकंद धरतो आणि पूर्ण सैल सुटतो का हे पाहिले जाते. नको असेल तर तसे सांगावे. बाहेरून पाहून किंवा पोटावरून सोनोग्राफी करूनही बरेच कळते, आणि सोबत आई, बहीण किंवा मैत्रीण असायला काहीच हरकत नाही. मात्र लघवीतून रक्त जाणे, तापासह जळजळ होणे, लघवी अचानक पूर्ण तुंबणे किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूची व गुदद्वाराभोवतीची संवेदना जाणे यांपैकी काही असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे. शेवटच्या दोन लक्षणांसाठी तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये.

आता प्रत्यक्ष स्नायू ओळखण्याकडे वळू. एक पंचा घट्ट गुंडाळून त्याची मनगटाएवढी जाड वळकटी करा, ती लाकडी खुर्चीवर पुढून मागे अशी ठेवा आणि तिच्यावर बसा. चारचौघांत वायू सरू नये म्हणून आपण जसे आवरतो तसे गुदद्वार आत ओढा आणि तोच ओढा पुढे लघवीच्या जागेपर्यंत न्या. वळकटीवरचा दाब हलका झाल्यासारखे वाटले तर स्नायू वर उचलला गेला. दाब वाढला तर तुम्ही खाली जोर देत आहात, आणि ही चूक मी फार वेळा पाहते. नितंब आवळून तुम्ही खुर्चीत उंच झालात किंवा श्वास रोखला गेला तरी तो प्रयत्न धरू नये. लघवी करताना मध्येच धार थांबवून व्यायाम करण्याची सवय लावू नये, कारण त्यामुळे मूत्राशय पुरते रिकामे न होण्याची शक्यता असते.

स्नायू सापडल्यावर पहिला आठवडा केवळ सोडण्याला द्यावा, असे माझे मत आहे. उताणे झोपून गुडघे वाकवा, एक हात पोटावर ठेवा आणि नाकाने सावकाश श्वास घ्या. पोट फुगते तसा खालचा पडदाही पसरतो आहे, याकडे लक्ष द्या. पाच मिनिटे, दिवसातून दोनदा एवढे पुरते. ज्यांचे स्नायू ताठर आहेत त्यांनी बालासन (टाचांवर बसून पुढे वाकून कपाळ टेकवणे) करावे किंवा पाठ भिंतीला टेकवून, नितंबांखाली उशी घेऊन मलासनात (उकिडवे) बसावे, आणि आवळण्याचा व्यायाम तपासणाऱ्याने सांगेपर्यंत सुरूच करू नये. योगवर्गात मूलबंध शिकलेल्यांना आवळणे चटकन जमते, सोडणे मात्र त्यांनाही बहुधा नव्याने शिकवावे लागते.

दुबळ्या स्नायूंसाठी श्वास सोडत आवळा, तीन सेकंद धरा, आणि सहा सेकंद पूर्ण सैल सोडा. धरून ठेवताना श्वास चालू राहिला पाहिजे, म्हणून हवे तर मोठ्याने आकडे मोजा. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा करावे आणि हळूहळू धरण्याचा काळ दहा सेकंदांपर्यंत न्यावा. शेवटी पाच-सहा झटपट आवळण्या कराव्यात, कारण खोकला सेकंदभरात येऊन जातो आणि तेवढ्यात स्नायूला प्रतिसाद द्यायचा असतो. आधी झोपून, मग बसून आणि शेवटी उभे राहून असा क्रम ठेवावा. किमान तीन महिने नियमाने केल्याशिवाय उपयोग झाला की नाही हे ठरवू नये.

व्यायामाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो वेळेवर वापरणे. शिंक येणार असे वाटले की तिच्या आधी आवळा, शिंक होऊन जाऊ द्या, मग सोडा. पाण्याची बादली उचलताना, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत मंडईच्या दोन पिशव्या घेऊन जिना चढताना किंवा दुचाकीवर मागे बसून गतिरोधक ओलांडताना हेच करावे, आणि उचलताना श्वास रोखण्याऐवजी सोडावा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना त्रास होत नाही पण उतरताना होतो, असे कोणी सांगितले तर मला नवल वाटत नाही. उतरताना प्रत्येक पावलाचा हादरा खाली पोहोचतो, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे सावकाश उतरावे.

लघवीची घाई इतकी होते की दाराची किल्ली लावता लावता सुटते, अशी तक्रार असेल तर व्यायामाला मूत्राशयाच्या शिस्तीची जोड द्यावी लागते. तीन दिवस वहीत वेळ, प्यायलेले पाणी आणि मापाच्या भांड्याने मोजलेली लघवी लिहून ठेवा. घाई आली की धावू नका. जागीच बसून किंवा उभे राहून पाच-सहा वेळा झटपट आवळा, कळ ओसरू द्या आणि मग चालत जा. दोन वेळांमधले अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवावे, आणि किमान सहा आठवडे हे चालू ठेवावे. लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला जायचे म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या आणि निघण्याआधी उगाच दोनदा जाऊन येणाऱ्या स्त्रियांना दोष द्यावासा वाटत नाही, कारण शहरात वापरण्याजोगी स्वच्छतागृहे शोधावी लागतात. तरीही दाट लघवी मूत्राशयाला टोचते आणि उगाच जाण्याने त्याला थोड्याच लघवीवर रिकामे होण्याची सवय लागते. अमृततुल्यातले चहाचे कप मात्र खरोखर कमी करावेत.

कुंथण्याने या स्नायूंवर रोज ताण पडतो. कमोडवर बसताना पायांखाली न्हाणीतले वीतभर उंचीचे प्लॅस्टिकचे स्टूल घ्यावे, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि मार्ग सरळ होतो. गुडघे साथ देत असतील तर भारतीय पद्धतीचे शौचालय उत्तमच.

बाळंतिणीने लघवीची नळी (कॅथेटर) लावली असल्यास ती निघाल्यावर, दुखत नसेल तर, हलके आवळणे सुरू करायला हरकत नाही. सव्वा महिना पोट करकचून बांधण्याची पद्धत घरातील वडीलधाऱ्यांशी वाद न घालता सैल करून घ्यावी, कारण वरून घट्ट आवळले की दाब खाली जातो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी सुटणाऱ्या पुरुषांनाही हेच व्यायाम लागू आहेत, आणि शक्य असल्यास ते शस्त्रक्रियेआधीच शिकून घ्यावेत.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे आणि जाताना ती वही सोबत न्यावी. ज्यांना स्नायू अजिबात आवळता येत नाही त्यांच्यासाठी विद्युत-उत्तेजना (सौम्य विजेने स्नायू आवळवणे) किंवा बायोफीडबॅक (स्नायू आवळला की नाही हे यंत्रावर दाखवणे) यांचा विचार होतो, तर अंग बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ आधारासाठी पेसरी, म्हणजे योनिमार्गात ठेवायचे आधाराचे साधन, बसवू शकतात. ज्यांना फरक पडला आहे त्यांनी व्यायाम बंद करू नये. पुढे किती वेळा करायचा हे त्याच भेटीत ठरवून घ्यावे.